शालीच्या आधी छप्पर

प्रश्न : “सलाम. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, आहे. आमच्या पाळकसाहेबांना, म्हणजे धर्मगुरूंना, आमच्याकडे येऊन पाच वर्षे झाली असून पुढील मे महिन्यात त्यांची बदली होईल असे बोलले जाते. ऑक्टोबरमध्ये ‘पाळक सन्मान रविवार’ करावा, असा तरुण संघाचा आग्रह आहे. परदेशातील मंडळ्या तसे करतात हे त्यांनी मोबाइलवर पाहिले आहे. फ्लेक्स, शाल-श्रीफळ, प्रीतिभोजन आणि रोख रकमेचे पाकीट मिळून चाळीस हजारांचा अंदाज निघाला. त्यावर कमिटीतील एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ‘त्यांना पगार मिळतो. सेवा देवाची, गौरवही देवाचाच.’ मला दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या पटतात. पाळकनिवासाचे पत्रे दोन पावसाळे गळत आहेत आणि प्रवासभत्ता तीन महिन्यांचा थकला आहे, हेही मला ठाऊक आहे. त्यांच्या पत्नी, पाळकीणबाई, नर्स होत्या. बदल्यांमुळे त्यांनी नोकरी सोडली. महिला मंडळ, संडे स्कूल, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चहापाणी सर्व त्याच पाहतात. त्यांचा मुलगा यंदा दहावीला आहे. ‘पाळकांचा मुलगा असून असे वागतोस?’ हे ऐकून ऐकून त्याने तरुण संघात येणे सोडले आहे. आम्ही नेमके काय करावे?”
— महिला मंडळाची सेक्रेटरी

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम.

कार्यक्रम जरूर करा. परंतु चाळीस हजारांचा जो अंदाज तुम्ही काढला आहे, तो आधी पत्र्यांवर आणि थकलेल्या प्रवासभत्त्यावर खर्च होऊ द्या, आणि त्यानंतर जे उरेल त्यात बसेल तेवढाच समारंभ करा. गळक्या घरात राहणाऱ्या माणसाच्या खांद्यावर शाल घालताना देणाऱ्याला संकोच वाटला नाही, तरी घेणाऱ्याला तो वाटतो, आणि त्याला तो बोलूनही दाखवता येत नाही. भत्ता हा सन्मान नव्हे, ते मंडळीचे देणे आहे. आणि देणे थकवून दिलेली भेटवस्तू, कितीही प्रेमाने दिली तरी, घरात गेल्यावर वेगळीच दिसते.

हे देणे इतके दिवस का थकले, याचा विचार तुमच्या कमिटीने मोकळेपणाने करावा असे मला वाटते, कारण त्यात कोणाचा दुष्टपणा असेल असे मी मानत नाही. आपल्याकडील बहुतेक मंडळ्यांत पाळकच कमिटीचे अध्यक्ष असतात. सभेची विषयपत्रिका त्यांच्या संमतीने निघते, चर्चा त्यांच्यासमोर होते आणि इतिवृत्तावर सही त्यांचीच असते. अशा माणसाने ‘माझ्या घराचे पत्रे गळतात’ हा विषय स्वतःच मांडावा, आणि मग त्यावर स्वतःच अध्यक्षस्थानावरून मत मागावे, ही अपेक्षा अवघड आहे. ते मांडत नाहीत, म्हणून इतरांना वाटते की अडचण फारशी नसावी. स्मशानभूमीच्या कुंपणाचा, संडे स्कूलच्या सहलीचा आणि हंगामाच्या सणाला अर्पण आलेल्या शेतमालाच्या लिलावाचा विषय मात्र कोणी ना कोणी हटकून मांडतो. (लिलावात एका भोपळ्यासाठी चढाओढीने हजार रुपये बोलणारी आपली मंडळी पत्र्यांच्या कोटेशनवर मात्र तीन सभा घालवते, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे.) तेव्हा पहिली गोष्ट अशी की पाळकांचे वेतन, भत्ते, निवास, औषधपाणी आणि रजा हा विषय वर्षातून निदान एकदा अशा सभेत घ्यावा, जिच्यात पाळकसाहेब तेवढ्या विषयापुरते बाहेर जातात आणि उपाध्यक्ष किंवा एखादे ज्येष्ठ सभासद काम चालवतात. हे त्यांच्याविरुद्ध केलेले काही नाही, हे त्यांना आधी भेटून नीट सांगावे; बहुतेक पाळकांना त्यामुळे हायसे वाटेल.

आता त्या ज्येष्ठ सभासदांच्या आक्षेपाकडे येते. तुम्हाला तो अर्धा पटतो, आणि मलाही. त्याचे दोन भाग वेगळे करून पाहिले पाहिजेत.

‘त्यांना पगार मिळतो’ या वाक्यात ‘आम्ही देतो’ असे नसते, ‘मिळतो’ असे असते, आणि हा दूरपणा आपल्या इतिहासातून आलेला आहे. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली त्यांनी अहमदनगरला ठाणे केले. पुढची कितीतरी वर्षे उपदेशक, शिक्षक आणि घरोघरी बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबल-बाया यांचे पगार समुद्रापलीकडून येणाऱ्या पैशातून होत राहिले. हे दीर्घकाळ चालू नये, हे त्या काळच्या काही धुरीणांना कळत होते. हे मिशनरी पाठवणाऱ्या बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन १८५४-५५ च्या सुमारास स्वतः पश्चिम भारतात आले. देशी मंडळ्यांना देशी पाळक असावेत आणि त्यांचा भार मंडळ्यांनी स्वतः उचलावा, असा त्यांचा आग्रह होता. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे एतद्देशीय पाळक नगरला त्याच काळात नेमले गेले. पाळक आपले झाले, पण पाळकाचा खर्च आपला आहे ही भावना मात्र सावकाश आली, आणि काही ठिकाणी ती अजून वाटेतच आहे. १९७० साली नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाल्यावर अनेक मंडळ्या धर्मप्रांतांच्या, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतील विभागांच्या, व्यवस्थेखाली आल्या आणि सभासदांच्या मनात मिशनची जागा धर्मप्रांताच्या कार्यालयाने घेतली. मंडळी आपला वाटा भरते, वेतन कार्यालयातून येते, आणि मधल्या मार्गात कुठे पैसे अडले तर त्याची झळ ज्या घराला लागते ते घर आपल्याच आवारात आहे, हे आपल्या लक्षात येत नाही. स्वतंत्र मंडळ्यांत परिस्थिती याच्या उलट असते: तेथे पाळकाचे घर बहुधा रविवारच्या दानार्पणावरच चालते, आणि म्हणून पावसाळ्यात उपस्थिती घटली की पाळकाच्या किराण्याचे बिलही घटवावे लागते.

पगार मिळतो एवढ्याने उपकारबुद्धीची गरज संपते, असे शास्त्र म्हणत नाही. बायबलमधील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, जे वडील (म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ पुढारी) चांगल्या प्रकारे कारभार चालवतात, विशेषतः जे वचन सांगण्याचे आणि शिकवण्याचे श्रम करतात, ते दुप्पट सन्मानास पात्र आहेत असे म्हटल्यावर लगेच पुढच्याच वचनात मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये हा ‘अनुवाद’ या बायबलमधील पुस्तकातला नियम आणि कामकऱ्याच्या मजुरीची गोष्ट येते. म्हणजे तेथे सन्मान आणि मजुरी एकमेकांच्या जागी येत नाहीत. त्या एकाच श्वासात, एकामागून एक येतात. प्रेषित पौलाने करिंथ येथे स्वतःसाठी काही घेतले नाही, तंबू करून पोट भरले, हे आपल्याकडे फार आवडीने सांगितले जाते. पण त्याच करिंथकरांना लिहिताना, सुवार्ता सांगणाऱ्यांनी सुवार्तेवर उपजीविका करावी हा हक्क त्याने नवव्या अध्यायात अगदी मुद्देसूद सिद्ध केला आहे, आणि मगच तो आपल्यापुरता सोडला आहे. हक्क सोडण्याचा अधिकार ज्याचा हक्क आहे त्याचा असतो, कमिटीचा नसतो.

आक्षेपाचा दुसरा भाग, ‘गौरव देवाचाच’, हा मात्र मला जपून ठेवावासा वाटतो. माणसाचा जयजयकार करणाऱ्या मंडळ्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. मोठा फ्लेक्स, त्यावर पाळकांचा मोठा फोटो आणि खाली कमिटीच्या सभासदांचे लहान लहान फोटो लागले, की तो रविवार निवडणुकीच्या जवळ जातो. फ्लेक्स काढूनच टाका. परंतु देवाचा गौरव करताना माणसांची नावे घ्यायची नसतात, असेही नाही. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय हा जवळजवळ पूर्णपणे नावांचा आहे, आणि पौल नुसती नावे घेत नाही, कोणी काय केले ते सांगतो: प्रिस्का व अक्विला यांनी त्याच्यासाठी आपले प्राण धोक्यात घातले, मरियेने पुष्कळ श्रम केले, आणि रूफाची आई तर त्याला स्वतःच्या आईसारखी झाली. त्या ज्येष्ठ सभासदांना त्या दिवशीच्या प्रार्थनेची जबाबदारी द्या. ज्यांच्या मनात ही भीती आहे, तेच तो कार्यक्रम सरळ मार्गावर ठेवतील.

तारखेबद्दल एक शब्द. ऑक्टोबरचा दुसरा रविवार हा अमेरिकेतील मंडळ्यांत गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात रूढ झालेला प्रघात आहे. तो वाईट नाही, पण तो आपल्या पंचांगातून आलेला नाही आणि तुम्हाला तो पाळलाच पाहिजे असे काही नाही. पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात पत्र्यांचे काम करून घ्या आणि कार्यक्रम पाळकसाहेब तुमच्याकडे रुजू झाले त्या तारखेच्या जवळच्या रविवारी किंवा पुनरुत्थान दिनानंतर (ईस्टरनंतर) ठेवा. पुनरुत्थान दिनानंतरच्या दिवसांचा मला विशेष आग्रह आहे, आणि त्याचे कारण पाळकाच्या घरातील वर्ष कसे जाते हे आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून घरोघरी कॅरोल, चोवीस तारखेची रात्र, पंचवीसची सकाळ, खेड्यांतील मंडळ्यांचे नाताळ, एकतीसची वर्षअखेरची उपासना आणि एक जानेवारीची सकाळ. मग राखेच्या बुधवारपासून ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील घरोघरच्या प्रार्थना, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवरील दीर्घ उपासना आणि तिसऱ्या दिवशी सूर्योदयाची सभा. मंडळीतील प्रत्येक घराला नाताळच्या दुपारी एकत्र बसता येते, पण पाळकाच्या घरी त्या दुपारी बाप एका खेड्याहून दुसऱ्या खेड्याकडे मोटरसायकलवर असतो आणि आई दारावर येणाऱ्यांना करंज्या देत असते. म्हणून पुनरुत्थान दिनानंतर सलग सात-आठ दिवसांची रजा, तीही गावाबाहेर जाण्याच्या खर्चासह, आणि त्या आठवड्यातील रविवारच्या उपासनेची व्यवस्था मंडळीने स्वतः केलेली, ही माझ्या मते शाल-श्रीफळापेक्षा मोठी भेट आहे. दर आठवड्याचा सोमवारही असाच जपावा. त्या दिवशी दाखला, शिफारसपत्र, जुन्या बाप्तिस्म्याची नोंद असल्या कामांसाठी पाळकनिवासाची कडी वाजवू नये, असे उपासनेच्या सूचनांमध्ये एकदा सांगितले तर लोक पाळतात. मृत्यू आणि गंभीर आजार यांना अर्थातच वार नसतो, आणि कोणताही पाळक त्याबद्दल कुरकुर करीत नाही.

पैशांबाबत एवढेच सांगते की जे मंडळीच्या सामान्य निधीतून द्यायचे ते ठराव करून, पावतीने आणि हिशेबात दाखवून द्यावे. बहुतेक मंडळ्यांची मालमत्ता व निधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या विश्वस्त संस्थांकडे असतो आणि लेखापरीक्षण दरवर्षी होते; उद्या कोणी पाळकसाहेबांकडेच बोट दाखवू नये, ही काळजी घेणे हाही त्यांचा मान राखण्याचाच भाग आहे. सभासदांनी स्वेच्छेने जमवलेली भेट वेगळी ठेवावी, ती बंद पाकिटांतून एकाच पेटीत जमवावी आणि कोणी किती दिले याची यादी वाचू नये. शेतमजुरी करणाऱ्या बाईचे पन्नास रुपये आणि नोकरदाराचे दोन हजार एकाच पेटीत पडले, की तुमच्या मंडळीतील निम्म्या घरांचा संकोच संपेल.

पाळकीणबाईंविषयी तुम्ही जे लिहिले आहे त्यावर मला अधिक थांबायचे आहे, कारण आपल्या मंडळ्यांतील सर्वांत मोठे न फेडलेले देणे बहुधा तेथे असते. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती पंथात पती आणि पत्नी या दोघांनाही अधिकारी म्हणून शिक्षण आणि नेमणूक मिळण्याची परंपरा आहे, म्हणून तेथील बाईचे काम निदान काम म्हणून ओळखले जाते. आपल्या इतर मंडळ्यांत नेमणुकीचे पत्र एकाच्या नावाने निघते आणि कामावर दोघे रुजू होतात. महिला मंडळाचे अध्यक्षपद, संडे स्कूल, बायकांच्या प्रार्थना, बाळंतिणीची विचारपूस, मयताच्या घरी पहिला चहा, बिशपसाहेब आले की पंधरा माणसांचे जेवण, हे सर्व त्यांच्याकडे ‘आपोआप’ येते. आणि एखादीने यांतील एक गोष्ट केली नाही, तर ‘मागच्या पाळकीणबाई करायच्या’ हे वाक्य तिच्या कानावर घातले जाते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियाही दीक्षित पाळक आहेत. त्यांच्यापैकी एखादीच्या नवऱ्याला, तो बँकेतून दमून घरी आल्यावर, पुरुष मंडळाच्या सभेला चहा करायला कोणी सांगितल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

ही गोष्ट आजची नाही. ना. वा. टिळकांच्या घरात पाहुण्यांची, आश्रितांची आणि अडल्यानडलेल्यांची जी वर्दळ असे, आणि हातात आलेला पैसा वाटून टाकण्याची त्यांची जी रीत होती, तिच्याबरोबर संसार चालवणे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले होते, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यांनी ते हसत हसत लिहिले, म्हणून आपणही हसत हसत वाचतो. पण आज ज्या बाईच्या हातून तसे लिहून होणार नाही, तिच्याही घरी महिन्याचा शेवटचा आठवडा असतोच.

तेव्हा कार्यक्रमात त्यांना पाळकसाहेबांच्या शेजारी उभे करून दुसरी शाल घालणे हे पुरेसे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही महिला मंडळाच्या सेक्रेटरी आहात, म्हणून हे काम तुमच्याच हातून होऊ शकेल. एखाद्या दुपारी, सभेचा विषय न काढता, त्यांच्याकडे जा. स्वयंपाकघरात बसा आणि विचारा की त्या जी कामे करतात त्यांपैकी कोणती त्यांना मनापासून आवडतात आणि कोणती केवळ करावी लागतात म्हणून करतात. पहिल्या भेटीत त्या ‘सगळीच आवडतात’ असेच म्हणतील, कारण पाळकाच्या बायकोने मंडळीतील बाईजवळ मन मोकळे केले की ते चार दिवसांत कुठवर जाते, याचा त्यांना अनुभव असणार. म्हणून दुसऱ्यांदा जा, आणि ऐकलेले कोणालाही सांगू नका. त्यांना संडे स्कूल आवडत असेल आणि महिला मंडळ नकोसे झाले असेल, तर अध्यक्षपदासाठी मंडळीतूनच दुसरी बाई निवडा. पाहुण्यांच्या जेवणाची पाळी पाच-सहा घरांत वाटून द्या. त्यांनी सोडलेल्या नोकरीचा विषय त्यांनी स्वतः काढला तरच पुढे न्या. काढला, तर तुमच्या तालुक्यातील मिशन इस्पितळात, आरोग्य केंद्रात किंवा खासगी दवाखान्यात अर्धवेळ काम मिळते का, आणि त्यांच्या परिचर्या नोंदणीचे नूतनीकरण करायचे राहिले आहे का, हे पाहण्यास त्यांना मदत करा. ‘पाळकांची बायको नोकरी करते, मग मंडळीकडे कोण बघणार’ असे म्हणणारे निघतील. मंडळीकडे बघण्यासाठी मंडळीने पाळक नेमला आहे, हे त्यांना शांतपणे सांगावे.

बायबलमधील राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात शूनेम गावची एक बाई आहे. संदेष्टा अलीशा वरचेवर आपल्या गावावरून जातो हे तिने पाहिले आणि नवऱ्याशी बोलून त्याच्यासाठी माडीवर एक लहान खोली तयार केली. तीत पलंग, मेज, बैठक आणि दिवा ठेवला. तिने त्याच्यासाठी सभा भरवली नाही. वाटसरूला काय लागते ते पाहिले. त्याच अध्यायाची सुरुवात मात्र फारशी वाचली जात नाही: संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकजण मरण पावला आहे, तो देवभीरू होता हे सर्वांना मान्य आहे, आणि त्याच्या विधवेची दोन मुले सावकार गुलाम करून नेण्याच्या बेतात आहे. पाळकांच्या सन्मानाच्या दिवशी वाचण्यासाठी तुम्ही उतारा शोधत असाल, तर मी हा पूर्ण अध्याय सुचवीन. ज्या कमिटीला विधवेची गोष्ट ऐकू येईल, ती आपल्या पाळकाच्या भविष्यनिर्वाह निधीची, आरोग्यविम्याची आणि निवृत्तीनंतरच्या छपराची चौकशी आपणहून करील. जन्मभर पाळकनिवासात राहिलेल्या कुटुंबाला निवृत्तीच्या महिन्यात भाड्याची खोली शोधावी लागते, ही गोष्ट आपल्या समाजात नवी नाही.

मुलाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याच्यासाठी करायचे त्यापेक्षा न करायचे जास्त आहे. त्याला कार्यक्रमात बोलावून हार घालू नका, ‘बाबांसारखा पाळक होणार ना?’ असे विचारू नका, आणि तरुण संघात परत आणण्यासाठी शिष्टमंडळ पाठवू नका. ज्यांनी ते वाक्य त्याला ऐकवले त्यांच्यापैकी मोठ्या माणसांशी तुम्ही किंवा दुसऱ्या कोणी खासगीत बोला, आणि इतर मुलांना जेवढे चुकण्याचे स्वातंत्र्य आहे तेवढे त्यालाही असू द्या. मोशे अरण्यात लोकांचा न्याय करण्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत गुंतलेला असताना त्याची बायको सिप्पोरा आणि गेर्षोम व अलियेजर ही दोन मुले त्याच्या सासऱ्याकडे होती. हा सासरा, इथ्रो, त्यांना घेऊन आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने मोशेला कामाची वाटणी करायला लावली. निर्गमच्या अठराव्या अध्यायातील ही कामाची वाटणी आपण नेहमी शिकवतो, पण ती सुचवणारा माणूस मुलांना बापाकडे घेऊन आलेला होता, हे बहुधा सुटते. तुमच्या पाळकसाहेबांना मार्चपर्यंत आठवड्यातील दोन संध्याकाळी घरी राहता यावे म्हणून घरोघरच्या प्रार्थनांपैकी काही कमिटीच्या वडिलांनी चालवल्या, तर मुलाला त्याचा उपयोग होईल.

मुलाची परीक्षा मार्चमध्ये संपेल आणि बदली मे महिन्यात होईल, हे त्यातल्या त्यात सोयीचे आहे. तरी अकरावीचा प्रवेश नव्या गावी घ्यायचा की येथेच, याचा निर्णय त्या कुटुंबाला वेळेवर करता यावा म्हणून बदलीचे ठिकाण लवकर कळवावे, अशी विनंती कमिटीने बिशपसाहेबांना आत्ताच लेखी करावी. बदली रद्द करण्याचा अर्ज मात्र, पाळकसाहेबांना विचारल्याशिवाय, प्रेमापोटीसुद्धा करू नये. सह्यांची मोहीम निघाली की ती त्यांच्याच सांगण्यावरून निघाली, असा समज वर कार्यालयात होतो. निरोपाच्या वेळी ट्रकचे भाडे, सामान बांधायला आठ-दहा तरुण, शाळेचे दाखले आणि गॅसची जोडणी बदलण्यासाठी कोणीतरी धावपळ करणारा, एवढे असेल तर भाषणे दोन कमी झाली तरी चालतील. तुमच्या तरुण संघाचा उत्साह येथे कामाला येईल.

आणि कार्यक्रमाच्या दिवशी भाषणे तीनच ठेवा, पण ती ठरवून ठेवा. ‘पाळकसाहेब फार प्रेमळ आहेत’ हे वाक्य कोणत्याही पाळकाविषयी कोणत्याही मंडळीत म्हणता येते. त्याऐवजी ज्यांच्या आईच्या शेवटच्या आजारात ते रात्री जिल्हा रुग्णालयात बसले, ज्यांच्या दोन भावांतील बंद पडलेले बोलणे त्यांनी पुन्हा सुरू करून दिले, ज्यांच्या मुलीच्या दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर स्वतः विश्वास जाहीर करण्याच्या विधीच्या) वर्गात तिने पहिल्यांदा प्रश्न विचारायला सुरुवात केली, अशा तिघांनी घडलेले तेवढेच सांगावे. कुटुंबाची खासगी गोष्ट उघड होणार असेल, तर तिची चिठ्ठी लिहून पाकिटात घालावी. मंडळीतील ज्यांना उभे राहून बोलता येत नाही त्यांनीही अशा चिठ्ठ्या लिहाव्यात, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी संडे स्कूलच्या मोठ्या मुलांनी लिहाव्यात. हाच नियम एरवीच्या रविवारीही उपयोगी पडतो. उपासनेनंतर दारात हात मिळवताना ‘उपदेश छान झाला’ असे सर्वच म्हणतात. ‘सारेची दासी हागार हिच्याविषयी तुम्ही जे बोललात ते मी घरी जाऊन सुनेला सांगणार आहे’ असे एकाने म्हटले, तर पाळकसाहेब पुढच्या शनिवारी रात्री तयारीला बसताना त्यांना ते आठवेल. आणि उपदेश पटला नसेल, तर तेही त्यांना भेटून सांगावे, चहाच्या टपरीवर सांगू नये. आदर करणाऱ्या मंडळीत मतभेद नसतात असे नाही, तेथे ते योग्य माणसाकडे जातात.

तुमच्या कमिटीच्या पुढच्या सभेसाठी ठराव असा मांडता येईल: ‘पाळकनिवासाच्या छपराची दुरुस्ती ऑक्टोबरअखेर पूर्ण करावी, तीन महिन्यांचा थकलेला प्रवासभत्ता याच महिन्यात अदा करावा व यापुढे तो दरमहा दहा तारखेच्या आत द्यावा, पुनरुत्थान दिनानंतर आठ दिवसांची रजा व प्रवासखर्च मंजूर करावा, कार्यक्रमाचा खर्च यांनंतर ठरवावा.’ सूचक म्हणून तुमचे नाव घाला, आणि अनुमोदनासाठी त्या ज्येष्ठ सभासदांना आधी घरी जाऊन भेटा. देवाचा गौरव कमी न करता त्यांना हात वर करता येईल, असाच हा ठराव आहे.